थेंब एकच, पण शेजारी ब्लँक हवा : गोवा बोर्डाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, गोवा माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पर्वरी,
आणि राज्यातल्या सगळ्या हायर सेकंडरींतले केमिस्ट्रीचे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मागणी पहिल्याच ओळीत सांगते म्हणजे शोधावी लागणार नाही. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं सॉल्ट अ‍ॅनालिसिस (दिलेल्या सॉल्टमध्ये काय आहे ते ओळखणं) टेस्ट ट्यूबमधून काढून स्पॉट प्लेटवर (छोट्या खड्ड्यांच्या ताटलीवर) आणा, म्हणजे सगळं थेंबाथेंबाने होऊ दे, आणि प्रत्येक टेस्टच्या शेजारी एक ब्लँक (नमुना न घालता केलेली तीच टेस्ट) आणि एक कंट्रोल (शोधायची वस्तू मुद्दाम घालून केलेली तीच टेस्ट) घालणं सक्तीचं करा, त्याला वेगळे मार्क ठेवा. यातली पहिली गोष्ट खर्चाची आणि सेफ्टीची आहे. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते.

मी डिचोलीची, इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काम करते. आमच्याकडे कच्चा माल आला की ड्रमवरचं लेबल वाचून कोणी तो वापरायला घेत नाही, आत काय आहे ते ओळखून पटल्याशिवाय माल क्वारंटाइनमधून हलत नाही. आता त्यासाठी इन्फ्रारेड, एचपीएलसी अशी यंत्रं आहेत, तरी फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत पुस्तकात) रंगाच्या आणि साक्याच्या साध्या टेस्ट अजून आहेतच, क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट, सल्फेटला बेरियम क्लोराइड, त्याच ज्या तुम्ही बारावीला शिकवता. म्हणजे या टेस्ट जुनाट आहेत, आता कोण करतं असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पण आम्ही त्या करतो ते आणि मुलं करतात ते यात मोठा फरक आहे आणि हे पत्र त्या फरकाबद्दल आहे.

माझी भाची यंदा बारावीला आहे. कुठल्या हायर सेकंडरीत ते लिहीत नाही, कारण माझ्या ओळखीच्या मुलांकडून ऐकते ते साधारण असंच असतं. पांढरं सॉल्ट मिळतं, सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम केलं आणि अमोनियाचा वास आला की अमोनियम, निळं दिसलं की कॉपर, आणि मागच्या बॅचकडून कुठल्या बाटलीत काय आहे ते कळलेलंच असतं. जर्नलमध्ये ऑब्झर्वेशन आधी लिहून ठेवायचं आणि मग टेस्ट करायची, कारण वेळ नसतो. दोन-दोन मिली द्रावण, ग्रुप एकनंतर ग्रुप दोन, हायड्रोजन सल्फाइडचा वास अख्ख्या पॅसेजभर, आणि पिरियड संपला की सगळं बेसिनमध्ये. मी तिला विचारलं, बाळे, तुझं रिएजंट, टेस्टला घालतेस ते द्रावण, स्वतःच खराब झालेलं असेल तर तुला कसं कळेल गं? तिला प्रश्नच नवीन होता. यात तिची चूक काहीच नाही, तिला हे कधी कोणी विचारलेलं नाही, पेपरात येत नाही, व्हायव्हात येत नाही.

बेसिनचं आधी बोलते, कारण ते लगेच संपतं. आपल्या बहुतेक गावांत सीवरेज लाइन नाही, बेसिनचं पाणी सोकपिटात जातं, खाली चिऱ्याचा दगड असतो तो भोकाभोकांचा, पाणी आरामात आत ओढतो, आणि जवळपास कुणाची तरी बावडी असतेच. त्या पाण्यातून आपण लेड नायट्रेट, बेरियम क्लोराइड, पोटॅशियम क्रोमेट सोडतो. एक थेंब साधारण ०.०५ मिली, वीस थेंबांचे एक मिली. दोन मिलीच्या जागी एक थेंब वापरला की माल चाळीस पटीने कमी लागतो आणि कचरा पण चाळीस पटीने कमी. जो उरतो तो टिश्यूने पुसून, प्लेटचं पहिलं पाणी एका बरणीत जमवून वेगळा ठेवता येतो. सिल्व्हर नायट्रेटचा भाव काय आहे ते तुमच्या स्टोअरच्या रजिस्टरात बघा, मग या आकड्याचा अर्थ लगेच कळेल.

आता मुख्य विषय.

थेंबावर ओळख पटवण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी, इसवी सनाचं पहिलं शतक, त्याने लिहून ठेवलंय की जंगालात (तांब्याच्या हिरव्या गंजात) लोखंडाचं सल्फेट मिसळून विकतात आणि ते पकडायचं तर मायफळाच्या (ओकच्या झाडावरच्या गाठींच्या) अर्कात भिजवलेला पपायरस वापरायचा, लोखंड असेल तर तो काळा पडतो. मायफळातलं टॅनिन आणि लोखंड, बस. पेरूचा पाला चुरडून लोखंडाच्या पाण्यात टाकला की पाणी काळपट जांभळं होतं तीच ही केमिस्ट्री. नंतर १८५९ मध्ये ह्यूगो शिफने सिल्व्हर कार्बोनेट लावलेल्या कागदावर युरिक अ‍ॅसिड ओळखलं. पण या सगळ्याला शिस्त लावली ती फ्रिट्झ फायगलने. जन्म १८९१, व्हिएन्नाचा, ज्यू, नाझी आल्यावर देश सोडावा लागला आणि शेवटी ब्राझीलमध्ये पोचला, आपला काजू जिथून आला त्याच देशात, आणि १९७१ मध्ये रिओत वारला तोपर्यंत हेच काम करत होता. त्याने फक्त सुंदर रंग जमवले नाहीत. प्रत्येक टेस्टबरोबर तो लिहायचा की एका थेंबात कमीत कमी किती मायक्रोग्रॅम असलं तर दिसेल, किती पातळ झालं तरी दिसेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरं काय काय असलं तर हाच रंग फसवून येईल किंवा यायचा तो येणार नाही. आपण अभ्यासक्रमात त्याचे रंग घेतले आणि हे शेवटचं वाक्य गाळलं.

ते वाक्य मुलांना हाताने कसं शिकवता येईल याची तीन उदाहरणं देते, तिन्ही गोव्यातल्या कुठल्याही शाळेत उद्या होतील.

पहिलं मिठाचं. पेडण्यात आगरवाड्याला अजून मिठागरं आहेत, तिथलं जाड मीठ एक चिमूट घ्या आणि दुकानातल्या पाकिटातलं आयोडीनवालं मीठ एक चिमूट. पाकिटातल्या मिठात आयोडीन असतं ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात, ग्राहकाच्या हातात येईपर्यंत किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) असावं असा नियम आहे. आयोडेट का, तर आपल्यासारख्या दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा टिकतं. नुसता स्टार्च टाकून आयोडेट दिसत नाही, त्याला थोडं आयोडाइड आणि थोडं आम्ल द्यावं लागतं, मग आयोडीन मोकळं होतं आणि स्टार्चला निळं करतं. तर वाटीत पातळ पेजेची निवळ घ्या, त्यात पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण आणि व्हिनेगर, आणि याचा एकेक थेंब दोन्ही मिठांवर. पाकिटातलं निळं होतं, मिठागरातलं पांढरंच राहतं. मुलं खूश होतात आणि साधारणपणे इथेच प्रयोग संपतो.

पण इथेच थांबायचं नसतं. तिसऱ्या खड्ड्यात मीठच घालू नका, फक्त मिश्रणाचा थेंब टाका. हा ब्लँक. आता आयोडाइडची बाटली ताजी असेल तर तिथे काही होणार नाही. पण हीच बाटली महिनाभर उजेडात, अर्धवट झाकण लावून पडली असेल, आपल्या शाळांच्या कपाटात पडते तशी, तर हवेने त्यातलं थोडं आयोडाइड आधीच आयोडीन झालेलं असतं, द्रावण पिवळट दिसतं, आणि मग ब्लँक पण निळा होतो. म्हणजे मीठच नाही तरी टेस्ट पॉझिटिव्ह! मिठागरातल्या मिठावर हाच थेंब टाकला असता तर ते पण निळं झालं असतं आणि मुलाने जर्नलमध्ये बिनधास्त आयोडीनयुक्त असं लिहिलं असतं, सरांनी टिक पण केलं असतं. मी सांगते, दोन बाटल्या मुद्दाम ठेवा, एक ताजी एक शिळी, आणि मुलांना न सांगता वाटा. वर्गात अर्ध्या मुलांचं उत्तर एक आणि अर्ध्यांचं दुसरं आलं की जो गोंधळ होतो ना, त्या दहा मिनिटांत मुलं जे शिकतात ते वर्षभराच्या जर्नलमध्ये शिकत नाहीत.

दुसरं उदाहरण आवारातला चिरा. खिळ्याने थोडा चुरा पाडा, प्लेटवर घ्या, पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकून पाच मिनिटं थांबा, मग बाजूचं पिवळसर पाणी दुसऱ्या खड्ड्यात ओढून त्यात पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब. लालभडक. आमच्या डिचोलीच्या पोरांना लोखंड काय ते सांगायची गरज नाही, खाणीच्या ट्रकांची लाल धूळ खाऊनच वाढलीत. पण आता त्याच लाल थेंबात व्हिटॅमिन सीच्या गोळीचा थोडा चुरा टाका. लाल रंग विरत जातो, बघता बघता पाण्यासारखं. लोखंड कुठे गेलं? कुठेच नाही, तिथेच आहे, फेरिकचं फेरस झालं आणि थायोसायनेट फेरसला तो लाल रंग देत नाही. आता तो बिनरंगी थेंब एखाद्या नवीन मुलाला दाखवून विचारा यात लोखंड आहे का. रंग आला नाही याचा अर्थ वस्तू नाही असा होत नाही, हे फळ्यावर लिहून कोणाच्या डोक्यात शिरत नाही, हा थेंब बघितल्यावर शिरतं. म्हणून कंट्रोल लागतो, म्हणजे त्याच नमुन्यात मुद्दाम थोडं माहितीतलं लोखंड घालून बघायचं की रंग येतो का, नाही आला तर नमुन्यातच काहीतरी टेस्टला अडवतंय.

तिसरं छोटंसं. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीवर फेरिक क्लोराइडचा थेंब. ताज्या गोळीला विशेष काही होत नाही, पण पावसाळ्यात उघड्या डबीत राहिलेली गोळी दमट हवेने फुटते, त्यातून सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं, डबी उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो थेंब जांभळा होतो. पण जांभळा म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिडच असं नाही, फेरिक क्लोराइड फिनॉल जातीच्या बऱ्याच द्रव्यांना रंग देतं, पॅरासिटामॉलला पण निळसर जांभळा येतो. म्हणजे या टेस्टने कोणता प्रकार असू शकतो ते कळतं, नक्की कोण ते कळत नाही. जुन्या गोळ्या घरातून आणू नका, शाळेने दोन पत्ते विकत घ्यावे, एक पत्ता उघडून ओलसर कपाटात ठेवावा.

आता हे सगळं बोर्डाला एवढ्या तळमळीने का सांगते ते लिहिते.

जुलै २०१८ सगळ्यांना आठवत असेल. मडगावच्या घाऊक मासळी मार्केटात तपासणी झाली, जागेवरच्या टेस्टमध्ये फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) सापडल्याची बातमी सकाळी पसरली, आणि त्याच दिवशी लॅबचा रिपोर्ट आला की प्रमाण मर्यादेत आहे. मग काय झालं ते सांगायला नको. फॉर्मेलिन माशात घालायला परवानगीच नाही, मग मर्यादा कसली असं लोकांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. जून-जुलैचे ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, बाजारातलं बरंचसं नुस्तं (मासळी) परराज्यातून येतं, त्यामुळे संशय लगेच बाहेरच्या ट्रकांवर गेला, पुढे पंधरा दिवस बाहेरची मासळी बंद ठेवली, घराघरांत लोकांनी मासे खायचे सोडले. गोव्यात!

तेव्हा त्या माशांत फॉर्मेलिन घातलं होतं की नव्हतं याचा निवाडा मी इथे करत नाही. मला आठवतं ते त्या दिवसांतलं बोलणं. ऑफिसच्या बसमध्ये, तिंट्यावर, फॅमिली ग्रुपवर, शिकलेली सायन्स ग्रॅज्युएट माणसं, आणि सगळ्यांचं एकच, पट्टीचा रंग बदलला म्हणजे विष, नंतर रिपोर्ट बदलला म्हणजे पैसे खाल्ले. यापलीकडे तिसरी शक्यता कुणाच्या बोलण्यातच नव्हती. पण केमिस्ट्रीत तिसरी शक्यता आहे. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं, मासा मेल्यावर एन्झाइममुळे ते फुटून डायमिथाइलअमाइन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतं. काही जातींत हे जास्त होतं, बोंबील त्यातलाच. म्हणजे माशात थोडं फॉर्मल्डिहाइड कोणी न घालता पण सापडतं, आणि जागेवरची टेस्ट फॉर्मल्डिहाइड ओळखते, ते कुठून आलं ते ओळखत नाही. कोचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज टेक्नॉलॉजीने बनवलेली पट्टी असते तशी कुठलीही पट्टी घ्या, माशावर घासायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, रंग तक्त्याशी जुळवायचा. चांगली वस्तू आहे, ट्रक अडवून पुढे लॅबला कुठले नमुने पाठवायचे ते ठरवायला अगदी योग्य. पण तिचा रंग हा संशय आहे, निकाल नाही. आणि संशय सुद्धा नीट घ्यायचा असेल तर शेजारी त्याच जातीचा, रांपणीतून (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून) डोळ्यांसमोर काढलेला ताजा मासा हवा, आणि एक कोरी पट्टी जी कुठल्याच माशाला लागलेली नाही. तीन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून एक फोटो लोकांना दाखवला असता, आणि लोकांना तो फोटो वाचता आला असता, तर त्या आठवड्यातलं बोलणं वेगळं झालं असतं असं मला अजून वाटतं. फोटो काढणं सरकारचं काम. तो वाचता येणं तुमच्या हातात आहे.

आणि हे एकदाच घडून गेलं असं नाही. २०२२ मध्ये आपलं राज्य हर घर जलचं पहिलं सर्टिफाइड राज्य झालं, त्या योजनेत गावागावांत पाच-पाच महिलांना पाण्याची फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायचं असं आहे. मला ही कल्पना मनापासून आवडते, आपल्या वाड्यावरची एखादी वहिनी नळाचं पाणी स्वतः तपासते यापेक्षा चांगलं काय. पण क्लोरीनची साधी टेस्ट घ्या, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, पिवळं म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे जंतू मेले, पाणी चांगलं. पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेलं असावं लागतं. आता हाच पिवळा रंग फेरिक लोखंड पण देतं, ऑक्सिडाइज झालेलं मँगनीज पण देतं, नायट्राइट पण देतं. आमचा सगळा पट्टा, डिचोली, साखळी, सत्तरीपर्यंत, लोखंड आणि मँगनीजच्या मातीचा. पाण्यात ते उतरलं असेल तर क्लोरीनचा एक थेंब नसताना पाणी पिवळं दिसू शकतं आणि वहिनी रजिस्टरात ठीक आहे लिहील. उपाय फार सोपा आहे, ज्या पाण्यात क्लोरीन कोणी घातलेलंच नाही असं त्याच भागातल्या बावडीचं पाणी शेजारी ठेवा, ते पण पिवळं झालं तर नळाच्या पाण्याचा रंग क्लोरीनचाच आहे असं म्हणता येत नाही. हे करायला डिग्री लागत नाही, सवय लागते. ती सवय सोळाव्या-सतराव्या वर्षी लागली तर पुढे आयुष्यभर राहते, मग ती मुलगी पंचायतीत बसो, पोलिसात जावो की मार्केटात मासे घेऊ दे. पोलिसांच्या हातातली ड्रग टेस्ट किट पण याच जातीची, तिथे तर एका रंगावर माणूस आत जाऊ शकतो, म्हणून तर पुढे लॅबची खात्री लागते.

मला तुमच्या अडचणी माहीत नाहीत असं नाही. एका बॅचला वीस-पंचवीस पोरं, लॅब असिस्टंट एक, पोर्शन संपवायचा, आणि वरून नीट-जेईईच्या क्लासमुळे पोरांचं प्रॅक्टिकलकडे लक्ष नाही. पण थेंबाने काम लवकर होतं, गरम करणं कमी होतं, धूर आणि वास कमी होतो, फुटलेल्या टेस्ट ट्यूबा गोळा कराव्या लागत नाहीत. अमोनियमसारख्या एक-दोन टेस्ट आहेत ज्यांना गरम करावं लागतं, त्या राहू देत तशाच. पोर्सेलिनच्या प्लेटी नसतील तर गोळ्यांचा रिकामा प्लास्टिकचा पत्ता धुऊन घ्या, एकेक खड्डा म्हणजे एकेक टेस्ट, पातळ आम्लाला काही होत नाही, फक्त तीव्र अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिटोन त्यात घालू नका. ड्रॉपरच्या बाटल्या मेडिकल स्टोअरात मिळतात. गॉगल मात्र हवाच, थेंब छोटा असला तरी डोळ्यात गेला तर डोळा तोच. एनसीईआरटीच्या पुस्तकाला यात कुठेही धक्का लागत नाही, तेच आयन, तेच ग्रुप, तीच समीकरणं, फक्त भांडं बदलतं आणि जर्नलमध्ये दोन रकाने वाढतात, ब्लँकमध्ये काय दिसलं, कंट्रोलमध्ये काय दिसलं.

त्या दोन रकान्यांना मार्क द्या. मार्क नसले तर ते कोणी भरणार नाही, ते पण आधीच लिहून ठेवतील. आणि परीक्षेत अधूनमधून एखादं रिएजंट मुद्दाम खराब द्या, ज्या मुलाने लिहिलं की ब्लँकला पण रंग आला म्हणून मी उत्तर देऊ शकत नाही, त्याला पूर्ण मार्क द्या. आज त्याला शून्य मिळतो. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलाने असं लिहून दिलं तर आम्ही त्याला शाबासकी देतो, टेस्ट थांबवतो आणि नवीन द्रावण करतो.

अंमलबजावणी एकदम सगळीकडे नको. एका तालुक्यातल्या चार-पाच हायर सेकंडरींत एक टर्म करून बघा, शिक्षकांना दोन दिवसांचं ट्रेनिंग एससीईआरटीमार्फत (राज्याच्या शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेमार्फत) द्या, आणि मग स्टोअरची रजिस्टरं शेजारी ठेवून बघा की किती माल लागला.

शनिवारी मला सुट्टी असते. डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठल्याही हायर सेकंडरीने बोलावलं तर मी येऊन मिठाची आणि चिऱ्याची टेस्ट मुलांकडून करून घ्यायला तयार आहे, प्लेटी आणि थायोसायनेट मी आणीन, शिळी आयोडाइडची बाटली तुमच्या कपाटातली चालेल.

आपली नम्र,
एक क्यूसी केमिस्ट, डिचोली